आयसीयूच्या दाराबाहेरच्या शहनाजभाभी

आयसीयूचं दार उघडलं की शहनाजभाभी उभ्या राहायच्या. दार कोणासाठीही उघडलेलं असो. डॉक्टर बाहेर येवोत, सिस्टर येवोत, फरशी पुसणारी बाई बादली घेऊन येवो, त्या उठून उभ्या. आम्ही बाकीचे नातेवाईक व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेलो असायचो. सुरुवातीला सगळेच उठतात. मग पाय दुखायला लागतात, मग कळतं की दर वेळी आपल्यासाठी कोणी बाहेर येत नाही, आणि माणूस नुसती मान वर करून बघायला शिकतो. शहनाजभाभी ते शिकल्या नाहीत. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "बसल्या बसल्या ऐकलं का अर्धंच समजते, बाई. अन् डॉक्टर एकदाच बोलते. दुसऱ्यांदा विचारलं का खवळते."

बाई म्हणजे मी. तेव्हा मी तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे सगळे मला बाईच म्हणायचे. माझी मुलगी पहिलीत होती. तिला टायफॉइड झाला, तो आधी साधा ताप म्हणून अंगावर काढला, आणि त्यातच तिच्या आतड्याला छिद्र पडलं. अकोल्याला नेलं तेव्हा पोट फुगून लाकडासारखं घट्ट झालं होतं. ऑपरेशन झालं. ऑपरेशननंतर तिला लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात ठेवलं, श्वासाच्या मशीनवर. तोंडात एक नळी, मानेत एक नळी, पोटातून एक नळी. आत जायचं तर हात कोपरापर्यंत धुवायचे, हिरवा गाऊन घालायचा आणि एकेकानं जायचं. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. उरलेला सगळा दिवस व्हरांड्यात.

घरी वेचणीला आलेला कापूस होता, मोठा मुलगा होता. त्यामुळे माझे मिस्टर एक दिवस अकोल्याला आणि दोन दिवस गावी असे करायचे. धाकटे दीर विलासभाऊ येऊन-जाऊन असायचे. तिथं कायम राहिले ती मी. आणि कायम राहिल्या त्या शहनाजभाभी.

त्या अकोल्याच्याच होत्या, जुन्या शहरातल्या. नवऱ्याचा, रशीदभाईंचा, गाद्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं एक मशीन. लोक जुन्या, दबलेल्या गाद्या आणून टाकायचे, रशीदभाई कापूस पिंजून मोकळा करायचे आणि शहनाजभाभी नव्या खोळीत भरून टाके घालायच्या. अंगानं बारीक, रंगानं सावळ्या, हातांची बोटं मात्र पुरुषासारखी जाड. जाड सुईनं अंगठ्याला घट्टे पडलेले. बोलताना त्या अंगठा तर्जनीवर घासत राहायच्या. त्यांचा मुलगा सोहेल आठ वर्षांचा. निमोनिया झाला, छातीत पू झाला, तोही मशीनवर. माझ्या मुलीच्या शेजारचा पलंग त्याचा.

व्हरांड्यात येणारा प्रत्येक माणूस आम्हाला काहीतरी सांगून जायचा. सगळं चांगलं होईल, देव आहे, धीर धरा. दुसऱ्या पेशंटचे नातेवाईकसुद्धा जाता जाता म्हणायचे. मीही दुसऱ्यांना म्हणायचे. शहनाजभाभींनी हे वाक्य कधी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. मी विचारायचे, "काय वाटतं हो भाभी, उद्या मशीन काढतील का?" त्या म्हणायच्या, "देखू." एकदा मी जरा चिडून म्हटलं, नुसतं देखू काय म्हणता, बरं होईल म्हणा की. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मले काय मालूम, बाई? जे मालूम नाही ते कशाले बोलू? आजचं आज पाहू." त्या वेळी मला ते कोरडं वाटलं. पुढं पुढं मात्र असं झालं की बाकीचे बोलायला लागले की माझे कान आपोआप बंद व्हायचे, आणि त्यांचं "देखू" तेवढं ऐकू यायचं.

सोहेलचा ताप उतरून पुन्हा चढला. औषधं बदलली, तरी चढला. डॉक्टर तरुण होते, चेहऱ्यानं कायम झोप न झालेले. ते बाहेर येऊन म्हणाले, "रक्त तपासणीला पाठवलंय. प्रयोगशाळेत ते वाढायला ठेवतात. दोन-चार दिवसांनी कळेल काय उगवतं ते."

शहनाजभाभी उभ्याच होत्या. "वाढायले म्हणजे? इरजण लावल्यासारखं?"

डॉक्टरांना हसू आलं. त्या व्हरांड्यात कोणी हसलेलं मला तेवढंच आठवतं. "हो, तसंच समजा."

आणि दोन-चार दिवसांनी त्यांनी सांगितलं की सोहेलच्या रक्तात बुरशी निघाली आहे.

"बुरशी," शहनाजभाभी म्हणाल्या. "भाकरीवर येते ते?"

"त्याच्यातलीच एक वेगळी जात. रक्तात शिरली की अवघड असतं. औषध सुरू करतोय. औषध कडक आहे, थंडी वाजेल, किडनीवर लक्ष ठेवावं लागेल."

एवढं बोलून ते आत गेले. मागे राहिला तो बुरशी हा शब्द. जंतू म्हटलं की माणसाला काही दिसत नाही. बुरशी म्हटलं की दिसते. ओलीला ठेवलेलं धान्य, पावसाळ्यातली चप्पल, लोणच्याच्या बरणीचं तोंड. शहनाजभाभींनी घरी जाऊन सासूला सांगितलं, आणि सासूला लगेच कारण सापडलं. घरभर लोकांच्या जुन्या गाद्या पडलेल्या. कोणाच्या ओल्या, कोणाच्या आजाऱ्याच्या, कोणाच्या मेलेल्या माणसाच्या. त्याच कापसात पोरगा खेळायचा, त्याच ढिगावर झोपायचा. रशीदभाईंनी घरातला सगळा जुना कापूस, खोळींसकट, हातगाडीवर घालून मोकळ्या मैदानात नेला आणि पेटवून दिला.

हे मला शहनाजभाभींनी सांगितलं ते जेवणात मीठ कमी पडल्याचं सांगावं तसं. मग डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी उभं राहून विचारलं, "साहेब, घरचा कापूस जाळला. आता बरुबर होईन ना?"

डॉक्टरांना आधी कळेचना. कळल्यावर ते तिथल्या बाकावर बसले. म्हणाले, "अहो, कापसाचा काही संबंध नाही. ही बुरशी सगळ्यांच्याच अंगावर, तोंडात, पोटात असते. तुमच्या, माझ्या. एरवी ती गप्प पडून असते. मुलगा अशक्त झाला, आमच्या औषधांनी पोटातले चांगले जंतूही मेले, त्यात मानेत नळी आहे. तिला रस्ता मिळाला. घरून नाही आली ती."

डॉक्टर गेल्यावर भाभी बराच वेळ अंगठा घासत बसल्या. मग म्हणाल्या, "आता त्या लोकायले काय सांगू, बाई? कापूस तं जळाला त्यायचा."

बुरशीच्या औषधाच्या बाटलीला काळा कागद गुंडाळलेला असायचा. उजेड लागला की ते औषध खराब होतं, असं सिस्टर म्हणाल्या. सोहेलच्या पलंगाशी ती काळी बाटली टांगली की आम्हाला कळायचं, आता याला थंडी वाजणार. मशीनवर असलेल्या मुलाला ओरडता येत नाही. नुसतं अंग थडथडतं आणि पलंगाच्या दांड्या वाजतात. शहनाजभाभींनी सिस्टरच्या हातापाया पडून तेवढ्या वेळापुरती आत थांबायची परवानगी मिळवली होती. त्याचे दोन्ही पाय त्या आपल्या तळहातांत धरून उभ्या राहायच्या. थंडी थांबली की बाहेर यायच्या आणि सांगायच्या, "थांबली." मुलगा कसा आहे, डॉक्टर काय म्हणाले, हे काही नाही. फक्त "थांबली."

मग माझ्या मुलीला ताप आला. पोटाची जखम सुकायला लागली होती, मशीन कमी करायच्या गोष्टी चालल्या होत्या. तिच्या जिभेवर आणि गालाच्या आतून दह्याचे कण चिकटावेत तसं पांढरं दिसायला लागलं. मी सिस्टरला म्हटलं, तोंड आलंय. रक्त पाठवलं गेलं, आणि दोन दिवसांनी डॉक्टर बाहेर आले. शहनाजभाभी सवयीनं उभ्या राहिल्या. मीही राहिले. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"बाई, तुमच्या मुलीच्याही रक्तात तेच आलंय."

मला आठवतं ते एवढंच की शहनाजभाभी खाली बसल्या. डॉक्टर बोलत असताना त्या बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

विलासभाऊ त्या दिवशी आलेले होते. त्यांनी दोन गोष्टी ऐकल्या होत्या. शेजारच्या पोराला बुरशी झाली होती, आणि आता आपल्या पोरीला झाली. ते सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन मोठ्यानं बोलायला लागले. "त्या पोट्ट्याले अगोदर दुसरीकडं हलवा. त्याच्यापासूनच आलं हे. ज्या घरात लोकायच्या सडक्या गाद्या भरल्या राह्यतात, तिथून दुसरं काय येईन? तुमाले समजत नाही काय, कोणाजवळ कोणाले ठेवा ते?" व्हरांडा ऐकत होता. शहनाजभाभी माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या होत्या. मी मान खाली घातली.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी विलासभाऊंना बाजूला घेतलं नाही, तिथंच सगळ्यांदेखत सांगितलं. "हे बघा, तुमच्या मुलीला ती तिच्या स्वतःच्या पोटातून झालेली असू शकते. एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर गेली असेल तर ती आमच्या हातांवरून गेली. माझ्या नाहीतर सिस्टरच्या. आम्ही हात धुतो, तरी होतं. नेमकं काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण त्या मुलानं दिली असं म्हणू नका. तो तर हलतसुद्धा नाही."

विलासभाऊ टेबलापासून मागे सरले. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. डॉक्टरचं बोलणं डोक्याला पटत होतं, आणि तरी आत गेले की माझी नजर आधी त्या दोन पलंगांमधल्या जागेकडे जायची. दोन्ही पलंगांशी आता काळे कागद गुंडाळलेल्या बाटल्या टांगलेल्या होत्या.

शहनाजभाभींनी आपली चटई उचलली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ नेऊन टाकली. तिथून दार नीट दिसायचं नाही. म्हणून दार वाजलं की त्या उठून चार पावलं पुढं यायच्या, कोण आहे बघायच्या आणि परत जायच्या. मी त्यांना बोलावलं नाही. राग होता म्हणून नव्हे. त्या दिवसांत माझ्यातून काही बाहेरच निघत नव्हतं. कोणी विचारलं तर उत्तर देत होते, हात धुवायला सांगितलं तर धुत होते.

औषधानं माझ्या मुलीची लघवी कमी झाली. किडनीवर ताण येतोय, पण औषध थांबवताही येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दुपारी मी जेवले नव्हते, आदल्या दिवशीही नसेन. शहनाजभाभी टाकीकडून आल्या, डबा उघडून माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या. पोळ्या होत्या, बटाट्याची भाजी होती.

"माह्याशी बोलू नका तुमी," त्या म्हणाल्या. "फक्त खा."

मी पोळीकडे बघत राहिले. त्याच पुढं म्हणाल्या, "तुमचे देवर बोलले ते मी ऐकलं. माह्या पोराकून गेलं असन का नसन, मले मालूम नाही, बाई. नाही म्हणू तं खोटं होईन, हाव म्हणू तं बी खोटंच. डॉक्टरले मालूम नाही तं मले कुठून मालूम? पण तुमी उपाशी आहा, हे मले दिसून राहिलं."

मी पोळीचा तुकडा तोडला. त्यांनी चटई पुन्हा माझ्या शेजारी आणून टाकली.

माझी मुलगी सकाळी गेली. आत जायची वेळ व्हायच्या थोडी आधी. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं आणि ते तिथंच उभे राहिले. विलासभाऊ कागदपत्रं आणि गाडी बघायला धावले. माझे मिस्टर गावी होते, त्यांना फोन गेला. सिस्टरनं मला आत नेलं. नळ्या काढल्या होत्या. चेहऱ्यावर चिकटपट्टीच्या खुणा राहिल्या होत्या. मी पलंगाशी उभी राहिले, आणि काय करायचं असतं ते मला सुचेना. माझ्या मागून शहनाजभाभी आल्या. त्यांना कोणी अडवलं नाही. त्यांनी आधी शेजारच्या पलंगावरच्या सोहेलकडे एकदा पाहिलं, मग माझ्या मुलीच्या डोक्याशी गेल्या. इतके दिवस पडून राहून तिच्या केसांचा मागच्या बाजूनं एकच गठ्ठा झाला होता. भाभींनी त्यात बोटं घातली आणि एकेक बट सोडवायला लागल्या. ओढलं नाही, घाई केली नाही. सगळे केस मोकळे झाल्यावर त्यांनी दोन वेण्या घातल्या. रिबिनी नव्हत्या. सिस्टरनं पट्टीच्या कापडाच्या दोन चिंध्या दिल्या, त्या बांधल्या.

खाली गाडी आली होती. विलासभाऊ पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागे बसले, मुलगी माझ्या मांडीवर. माझ्यासोबत बाईमाणूस कोणी नव्हतं. शहनाजभाभी गाडीच्या दाराला हात लावून उभ्या होत्या. मुलगा दवाखान्यात आल्यापासून घरी जाऊन येण्यापलीकडे त्या कुठं गेल्या नव्हत्या, आणि घरी गेल्या तरी अंघोळीपुरत्या. त्यांनी वळून जिन्यात उभ्या असलेल्या सिस्टरला हाक मारली, "सिस्टर, सासू येऊन राहिली माझी, तिले बसवा दारात. मी येतो शामपर्यंत." आणि गाडीत चढल्या. विलासभाऊंनी मागे वळून पाहिलं.

अकोटावरून गेलो. रस्ता खराब होता. जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या मध्ये मध्ये आडव्या यायच्या, मग थांबावं लागायचं. खड्डा आला की शहनाजभाभी माझ्या मुलीच्या डोक्याखाली हात घालायच्या.

त्या वर्षांत आमच्या भागात वर्तमानपत्रवाले, टीव्हीवाले सारखे यायचे. कोणत्या गावात कोणी औषध प्यालं, कोणी गळफास घेतला, याची विचारपूस चालायची. गावाच्या फाट्यावर आमची गाडी हळू झाली, तेव्हा गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक मुलगा पुढं आला. गाडीत कोणीतरी गेलेलं आहे एवढं त्याला कळलं असावं. त्यानं खिडकीत वाकून विचारलं, "शेतकरी होते का?" मी त्याच्याकडे बघितलं असेन. मला त्याचा रागसुद्धा आला नाही. शहनाजभाभी म्हणाल्या, "लेकरू आहे. बिमार होतं. सरक." तो सरकला.

घरी बायका जमल्या होत्या. कोणीतरी रडायला सुरुवात केली, मग सगळ्याच रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. पुढंही बरेच महिने आलं नाही. पुरुषमंडळी मुलीला घेऊन गेली, तेव्हा शहनाजभाभी माझ्याजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. गावातल्या बायकांना त्या कोण हे माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी कोणी विचारलंही नाही. दुपार उतरल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता मी जातो, बाई. माझं तिकडं आहे अजून." आणि एसटी पकडायला त्या एकट्याच फाट्याकडे निघाल्या.

पुढच्या वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मी अकोल्याला गेले. एका दुपारी विचारत विचारत त्यांचं घर शोधलं. मशीन चालू होतं, कापसाची धूळ उडत होती. सोहेल दारात बसून टाके घालायचा दोरा गुंडाळत होता. तो वाचला होता. डावा डोळा मात्र पांढुरका झाला होता. रक्तातली बुरशी डोळ्यात उतरली होती.

त्याची दादी खाटेवर बसली होती. मी दवाखान्यातली ओळखीची, एवढंच तिला कळलं. ती मला सांगायला लागली, की आँखवाला डॉक्टर तपासायला आला तेव्हा पोराच्या माँला शोधत होते सगळे. सही कोण करणार, विचारणार कोणाला? "बच्चे की आँख जा रही थी, और माँ गायब. दिनभर गायब. पूछो तो बोलती नहीं." शहनाजभाभी चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

कोणता दिवस ते मला सांगायची गरज नव्हती.

त्या मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा मी विचारलं. त्या म्हणाल्या, डोळ्यात ते आठवडाभर आधीच उतरलं होतं, डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की एका दिवसानं फरक पडला नाही. रशीदभाई तासाभरात येऊन सही करून गेले होते. "मग घरी काहून नाही सांगितलं, कुठं गेल्या होत्या ते?" माझ्याही तोंडून त्यांचंच बोलणं निघालं.

"सांगितलं असतं तं काय झालं असतं, बाई? सासू रोज म्हणाली असती, त्या पोरीपायी माह्या नातवाचा डोळा गेला. उठता-बसता म्हणाली असती. तुमची लेक तं गेली. तिचं नाव या घरात असं काहून निघू देऊ? माझं निघते तं निघू द्या."

मी म्हटलं, मी येऊन सांगते. त्यांनी माझा हात धरला. त्या जाड, घट्टे पडलेल्या अंगठ्यानं मनगट चांगलंच दाबलं. "नाही," म्हणाल्या. मी सांगितलं नाही.

त्यानंतर वर्षातून एखाद्या वेळी मी जात राहिले. मुलीच्या आठवणी काढायला नव्हे, त्या आम्ही फारशा काढल्याच नाहीत. कापसाचं बोलायचो, बोंडअळीचं, पिंजायला येणाऱ्या गाद्या कमी झाल्या त्याचं. लोक फोमच्या गाद्या घ्यायला लागले होते. मी निवृत्त होऊन अमरावतीला मुलाकडे राहायला आले, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी एक गादी भरून सोहेलच्या हाती पाठवली. त्याला म्हणाल्या होत्या, "बाईले सांग, फोमवर झोपशीन तं पाठ जाईन." त्यांना शुगर होती. पुढं त्यांच्या किडन्या गेल्या. शेवटी भेटले तेव्हा डायलिसिस चालू होतं. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? "डॉक्टर बोलते बरंच. मी म्हणतो, देखू."

सोहेलचा फोन सकाळी आला. "खाला, अम्मी गेली." मी पोहोचले तोवर दफन झालं होतं. घरात बायका बसल्या होत्या. रशीदभाई आता फारसे बोलत नाहीत, ते आत होते. दादी कधीच गेली होती. सोहेल मला कारखान्याच्या खोलीत घेऊन गेला. मशीन बंद होतं. आम्ही दोघं कापसाच्या पोत्यांवर बसलो.

"मले दवाखान्यातलं काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "तुमी होत्या ना तिथं. कशी होती अम्मी?"

मी सांगितलं. काळ्या बाटलीचं, पाय धरून उभ्या राहायच्या त्याचं, डब्याचं. मग थांबले. मनगट दाबलेलं आठवत होतं. पण जिच्या तोंडी माझ्या लेकीचं नाव जाऊ नये म्हणून मला गप्प बसवलं होतं, ती दादी गेली होती, आणि आता भाभीही. समोर हा मुलगा होता. आपला डोळा जात होता तेव्हा आई गायब होती, हे ऐकत तो या घरात मोठा झाला होता. त्या दिवशी त्याची आई कुठं होती, ते मी त्याला सांगितलं. वेण्यांपासून एसटीपर्यंत सगळं.

तो चांगला डोळा जमिनीवर लावून बसला होता. मला वाटलं, आता हा विचारेल की मला सोडून का गेली. नाहीतर माझ्यावर रागावेल, इतकी वर्षं मी सांगितलं नाही म्हणून.

"तुमच्या गावी काही खाल्लं होतं का तिनं त्या दिवशी?" त्यानं विचारलं. "दादी म्हणायची, शामले आली अन् तशीच दारात जाऊन बसली."

मी आठवून पाहिलं. "चहा घेतला होता," मी म्हणाले. "शेजारच्या इंदूबाईनं आणून दिला होता. अर्धा कप."

त्यानं मान हलवली.

"मंग ठीक आहे," म्हणाला.